तरोट्याचं पानी

...हो, टाकलं मी चहात मीठ! टाकलं! मंग? साऱ्या घरानं असं पाहाचं माह्याकडं, जशी माही तिरडी बांधाची राहिली? अवो, मिठाचा डबा अन् साखरेचा डबा एकासारखा एक, चूक कोनाचीबी होते... मले अजून सारं आठवते, बरं!

पन भेव वाटते. काऊन नाई वाटनार? आमची बुढी, म्हनजे माही सासू रुक्माबाई, गोरेगावच्या बाजारात गेली अन् घराचा रस्ताच इसरली. यष्टी स्टँडवर बसून होती. मी धापा टाकत गेली, तं मलेच म्हनते, "बाई, तू कोनाची वं?" जिनं जलमभर माहं नाव घेऊ घेऊ शिव्या देल्या, तिनं! उद्या मी अशीच बसली तं? माह्या पोटच्या मंजूले "तू कोनाची" म्हटलं तं?

तं ते मंजू गोंदियाहून आली, मोबाईलवर वाचून सांगते, "आई, पालेभाजीत असं काईतरी असते का म्हातारपनी डोकं सांभाळते. कदाचित." म्या म्हटलं, कदाचित काऊन वं? बुढी तं पक्कीच इसरली! "अभ्यास चालू आहे, आई. पन तू बांधावरच्या तरोट्याचा पाला उकडते, पिळते, अन् पानी फेकते नं? सत्त्व तं त्यातच जात असंल!"

तुमाले सांगते, ते पानी आमी फेकत नाई. मशीच्या घमेल्यात ओततो. बुढीनंच शिकवलं, हातावर चापट मारून, "पिळ घट्ट! भाजी मानसाले, पानी मशीले!" म्हनजे इतकी वर्सं घरादाराचं डोकं म्हैस पिऊन राहिली होती? म्हनून चरून झालं का एकटीच बरोब्बर घरी येते ते!... मले अजून सारं आठवते, बरं!

काल तरोटा उकडला. हिरवं, कडू पानी गंजात, वर झाकन टाकून, जपून ठेवलं. बुढीले एक गिलास, मले एक. गिलास आनाले आत गेली, येऊन पाहते तं बुढी गंज घेऊन गोठ्यात! सारं पानी मशीपुढं ओतलं, अन् माह्यावर खेकसली, "सुशिले! इसरली का वं? पानी मशीले!"

नाव घेतलं! माहं नाव! मी तं रडालेच लागली. जवळ जाऊन म्हटलं, "हो आत्या, मीच, सुशिला..." तं टकमक पाहते अन् म्हनते, "तू कोनाची वं?"

मले... अजून सारं आठवते.

म्हैस भुरके मारून राहिली होती. म्या तिच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या मी रस्ता चुकली, तं तिचंच शेपूट धरून घरी याचं आहे.