कुत्रा आणि बाप

फ्रान्समधल्या आँजे शहरात थिएटरबाहेर तिकिटाच्या रांगेत मारिव्होन उभी होती. पुढचा म्हातारा सारखा रांगेबाहेर पाय टाकत होता आणि त्याची बायको त्याला बाहीला धरून आत ओढत होती.

"सोलांज, चल घरी."

"आता? दोनच माणसं राहिलीत पुढे."

"लेकाने स्वतःच्या पोरवयावर सिनेमा काढला, त्यात बापाला मारून टाकलं. ते मी तिकीट काढून बघू?"

"सिनेमातला बाप मरतो, तुम्ही नाही."

"बाकी सगळं खरं घेतलंय म्हणे. घर, माझी ओरड, कुत्रासुद्धा."

"कुत्रा छान काम करतो."

"तुला काय माहीत?"

"मंगळवारी बघून गेले मी."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?"

"कुत्रा मरतो?"

"नाही."

"बघ. कुत्र्याला ठेवलं आणि मला मारलं."

"हळू बोला, लोक ऐकतायत."

मारिव्होनने चटकन पोस्टरकडे मान वळवली.

"मग बाप मरताना पोरगा काय म्हणतो? सुटलो?"

"उशाशी बसतो. म्हणतो, 'बाबा, तू जाऊ नकोस.'"

"'तुम्ही जाऊ नका.'"

"नाही. 'तू.'"

"आपला गोतिए मला जन्मात कधी तू म्हणाला नाही. आमच्या घराण्यात बापाला तुम्हीच म्हणतात."

"सिनेमात म्हणतो."

म्हाताऱ्याने बाहेरचा पाय आत घेतला. रांग सरकली.

"कुठली जागा देऊ?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"अगदी पुढची. दोन," तो म्हणाला. "मला ऐकू कमी येतं."