मेजरची झाली का?

...अहो, एरंडेल पाजलं कुत्र्याला, एरंडेल! का, तर मेजर अंगणात बसून नुसता कण्हतोय, जोर करतोय, म्हणजे पोट साफ नाही, असं इंदूआत्यानं लांबूनच ठरवलं. लांबूनच, कारण आत्या शाळेत बाई असली तरी घरात कडक सोवळं. मेजरची शेपटी लुगड्याला लागली की पुन्हा आंघोळ. आणि तिचा भाचा, आमचा सुमंत, ज्यानं हे पिल्लू केडगावच्या रस्त्यावरून उचलून आणलं, तो चमचा घेऊन कुत्र्यामागे पळतोय... कशासाठी? कुत्र्याच्या लघवीसाठी. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक?

पुढं पोट टम्म फुगलं, मेजर आडवाच पडला, आणि सुमंतनं धावत जाऊन टांगा आणला. टांगेवाला सूर्यभान म्हणतो, "आमी मानसं नेतो, कुत्री न्हाई." तर तुम्हाला सांगतो, आत्या आतून आली, मेजरला उचललं, मांडीवर घेऊन टांग्यात बसली आणि म्हणाली, "मी माणूस आहे ना? मग मला ने. मांडीवर काय आहे ते बघू नकोस."

"म्या न्हाई बघत बाई, पन घोडं बघतंय की."

बघेना का घोडं... हे सगळं कशासाठी? कुत्र्याच्या लघवीसाठी!

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मूतखडा. वाट अडलीय. बैलांचे लई बघितले, कुत्रं पहिलंच. नळी घालून खडा मागं ढकलतो, पण कुत्रं हललं आणि आत फाटलं, तर माझ्या हातात काही नाही." सुमंत धरायला गेला, तर ह्यानंच डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाली, "हो बाजूला." मेजरचं डोकं छातीशी घेतलं, वर्गातला आवाज लावला, "हललास तर बघ," आणि त्याच्या कानात एकोणिसाचा पाढा म्हणायला लागली. मेजर काय, डॉक्टरसुद्धा श्वास धरून! आणि मग जी धार लागली... सगळी आत्याच्या लुगड्यावर. ती आपली म्हणतेय, "होऊ दे रे राजा, सगळी होऊ दे." मानलं बुवा त्या बाईला.

मग पोट उघडून खडाही काढला. आता पुन्हा खडा होऊ नये म्हणून ह्या दुष्काळात टँकरच्या पाण्याचा पहिला तांब्या मेजरला, आणि वरचेवर फिरवायचं काम सुमंतला. परवा बी.ए.चा निकाल लागला. सुमंत धापा टाकत दारात, "आत्या, मी पास!"

आत्या म्हणाली, "असू दे. मेजरची झाली का?"

काय करतो बिचारा... साखळी घेतली आणि निघाला.