डाव्या डोळ्याचा ट्रक

—नाही जी, चावी नाही भेटनार. चावी माह्या कमरेले हाये अन् तिथंच राहीन. बसा तुमी खाटेवर, पानी पिया. कंपनीचे साहेब असान तं असान, गळ्यात कार्ड हाये, पेटीत कंपूटर हाये, सारं दिसून राहिलं मले — पन ट्रक चालवते रीनाचा बाबा, केवळराम ड्रायव्हर, माहा नवरा, अन् तो गेला नहरावर आंघोळीले. तो आल्याबिगर गाडीले हात लावाचा नाही. जेवान का? नाही? याच गावात पाहुनपन हाये तुमचं? कोनाकडे — बरं राहू द्या, ते मंग सांगा, पयले मले हे सांगा का गाडीले झालं काय? गोंद्याच्या चुन्नीलाल शेठची गाडी, नवी घेऊन साल नाही झालं, अन् कंपनी म्हनते वापस आना? काऊन? इकलेली वस्तू कोनी वापस बोलवते का?

लाइट? लाइटात खराबी? हाऽ हाऽ — भाऊ, तुमी चुकीच्या गाडीपाशी आले. या गाडीचा लाइट माह्यापेक्षा जास्ती कोनाले माहीत राहीन? तुमी आले तो पूल पाहिला नं, चोरखमाऱ्याच्या नहरावरचा? गोंद्याच्या मिलीत धान उतरवून सांजेले ट्रक त्या पुलावर चढला का डावा लाइट मिटते अन् उघडते. डावाच. उजवा जसाच्या तसा. म्हनजे काय? डोळा मारते! मले! पयल्या डाव दिसला तवा मी इथं दारात उभी, हातातली भाताची गंजीच सुटली. घरी आल्यावर पुसलं, म्हटलं हे काय नवीन? तं लाजला जी. केवळराम ड्रायव्हर लाजला — लग्नात नाही लाजला तेवढा. म्हने, "तुह्यासाठी." बस. इतक्या सालात त्या मानसानं कधी "भाजी बरी झाली" एवढं नाही म्हटलं, त्याचं तोंडच नाही बोलाचं, अन् हे — "तुह्यासाठी"! मी काय चूप बसनार? मी साऱ्या गावाले सांगतलं. रोज सांजेले केस विंचरून दारात उभी राहाले लागली, या वयात.

काय म्हनता? धक्का? गाडीतल्या कंपूटरले धक्का बसला का तो लाइट लावाचं भुलते, मंग याद आली का लावते? साऱ्याच गाड्यात? असं कसं — थांबा. थांबा जी. कोन्याही धक्क्याले? ब्रेकरवर बी? अवं माय! सुशीलाबाईच्या घरापुढे ब्रेकर हाये! ती बाई पंपावर साऱ्यायच्या सामने म्हने का तुहा नवरा मले बी लाइट मारते, तं मी तिची भरली घागर पालथी केली. पोळ्यापासून बोलनं बंद हाये आमचं. अन् ती खरं बोलत होती! पावडर लावून ओट्यावर बसते जी ती सांजेले — आता तिले बी वापस बोलवनार का तुमची कंपनी? अन् तो चौकातला हवालदार! त्यानं तं गाडीच अडवली होती, म्हने मले डोळा मारतं का बे? रीनाचा बाबा मले हासत-हासत सांगे. तिथं बी ब्रेकरच असन. म्हनजे माहा नवरा गोंद्यापासून इथपर्यंत साऱ्यायले डोळा मारत येते, अन् मी समजून राहिली का एकट्या मले.

पन पुलावर तं ब्रेकर नाही. नाहीच हाये. पुलावर फक्त — खड्डा! खड्डा हाये नं जी तिथं! आता समजलं. आता सारं समजलं मले. दिवाळीच्या टायमाले सरपंचानं मुरूम टाकून तो खड्डा बुजवला, दाबून-दाबून पक्का केला, अन् त्याच सांजेपासून डोळा मारनं बंद. मी दारात उभी, ट्रक पुलावर चढला, अन् दोन्ही डोळे उघडे — घुबडावानी टकटक. मी म्हटलं, झालं, भरलं याचं मन. जेवाले वाढलं, पन बोलली नाही. तो पुसे, काऊन, झालं काय? मी म्हटलं, तुह्या लाइटाले पुस. तं म्हने उद्या मारतो, उद्या नक्की मारतो. दुसऱ्या दिवशी मारला — दोन्ही! दोन्ही डोळे मिटले अन् उघडले. काय? स्टेरिंगजवळच्या दांड्यानं हातानं मारला तं दोन्हीच होते? एक नाही होत? मले काय माहीत! दोन्ही डोळ्यानं कोनी डोळा मारते का, ते तं झोप आल्यावानी दिसते. मी अजूनच फुगली. मंग एका राती उशिरा आला, पाय घोट्यापर्यंत लाल मुरमानं भरलेले — म्हने पंचर झालं होतं. अन् दुसऱ्या दिवशी सांजेले डावा डोळा पयल्यावानी सुरू! मी त्या दिवशी खीर केली जी. अन् तिकडे सरपंच पंचायतीत बोंबलून राहिला का माह्या पुलावरचा मुरूम कोन्या चोट्ट्यानं उकरला, सापडू द्या, पोलिसातच देतो —

...आमच्या फावड्याचा दांडा बी तवाच तुटला होता.

हासता काय? हासा. मले बी हासू येऊन राहिलं अन् रडू बी येऊन राहिलं. ज्या मानसानं जलमात मले एक गजरा नाही आनला त्यानं माह्यासाठी सरकारी रोड खोदला! सुशीलाबाईचा ब्रेकर तं पंचायतीनं बनवला, पन माहा खड्डा माह्या नवऱ्यानं बनवला.

अं? पुन्हा सांगा. आज एक जाते, उद्या दोन्ही जाईन? चालत्या गाडीत, पुरे बंद? कधी याद आली तं आली, नाही तं नाही? ...मंग दरेकस्याच्या जंगलात तेच झालं जी. तिकडून धान आनताना सामनेचा भाग चेपून आला होता, म्हने रानडुक्कर आडवं आलं. डुक्कर नसन. अंधार असन. मी इथं दारात लाजून राहिली अन् तो तिकडे आंधळा होऊन गाडी हाकून राहिला. शेठनं त्याले सांगतलं बी होतं का गाडी शोरूमले ने — हा म्हने माह्या गाडीत काही खराबी नाही! म्हनून तुमाले इथपर्यंत यावं लागलं. पागल मानूस! तुमची कंपनी लाइट बदलून देईन, मले दुसरा केवळराम कोनती कंपनी देईन?

घ्या. घ्या ही चावी. लावा तुमचा वायर, तो यायच्या आत लावा. डावा, उजवा, सारं पक्कं करा. अन् त्याले सांगू नोका, तुमाले माही आन हाये. आज सांजेले तो खड्ड्यात आदळन, डोळा मिटनार नाही — मंग पाहीन मी, तो काय करते तं. दोन्ही मारले तरी चालन. झोप आल्यावानी दिसन तं दिसन, मी समजून घेईन.

झालं? एवढ्यात झालं? वा. हुशार हा तुमी, भाऊ. अन् जेवाले कोनाकडे म्हनत होते? मघापासून सांगून राहिले अन् मीच बोलू नाही देल्लं. ...जागेश्वरभाऊकडे? सरपंचाकडे? मामा? सख्खे मामा?

...

खड्डा कोनता जी? तो पान्यानं पडला. दिवाळीत पानी नाही येत? आमच्या गावात येते. फावडा वाळवीनं खाल्ला. अन् मामाकडे कायले जाता, त्यायच्याकडची भाजी खारट राहते — इथंच जेवा, मी कोंबडा कापून राहिली. तो पाहा, आला रीनाचा बाबा, डोकं पुसत येऊन राहिला. बसा. नाही, उठू नोका. पेटी बंद करा, हात धुवा, अन् चूप बसा.