कॉनरशिवाय

मल्हार : ...आणि पोस्टरवर काय छापलंय? आयरिश बँड! बँडमधला एकुलता एक आयरिश माणूस सकाळीच जर्मनीहून विमानाने घरी, आयर्लंडला गेला. आल्झो, तर मग, मी येन्सला सांगतो, कार्यक्रम रद्द.

उर्जा : अरे, लोक येऊन बसलेत. कॉनरच्या वडिलांना हार्ट अटॅक आलाय, त्याला जाणं भागच होतं. पण येन्सची गिटार आहे, तुझे ड्रम्स आहेत, माझं व्हायोलिन आहे.

मल्हार : आणि कॉनरची बासरी? गाणार कोण? पहिलाच कार्यक्रम, त्यात माझे प्रोफेसर पुढच्या रांगेत.

उर्जा : होस्टेलच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत सुरू केलं तेव्हा कुठे होती बासरी? शेजारीण हाउसमाइस्टरकडे, म्हणजे होस्टेलच्या केअरटेकरकडे, तक्रार करायची, म्हणून मी तिथे रियाज करायचे. तू मशीनवर ठेका धरायचास.

मल्हार : गेनाऊ, अगदी बरोबर, पण तो टाइमपास होता. बँड झाला कॉनर कपड्यांची टोपली घेऊन आत आला तेव्हा.

उर्जा : आणि त्याने वडिलांची धून वाजवली. सहा मात्रांची. तू ओरडलास, अरे, हा तर दादरा!

मल्हार : मग शहाणपणा करून एक मात्रा वाढवली, रूपक केला. वर येन्सची इलेक्ट्रिक गिटार. कॉनर हसत सुटला, पण फोनवर ऐकून त्याच्या वडिलांना नाही आवडलं. धुनीची वाट लावलीत म्हणाले. ते ऑपरेशन टेबलावर असताना इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत मी तीच धून वाजवू?

उर्जा : थांब, फोन. कॉनरच आहे... हॅलो? हो... हो, आहे इथेच... बरं.

मल्हार : काय झालं? वडील...?

उर्जा : अजून आतच आहेत. हा बाहेर एकटा बसलाय. म्हणतो, इथली शांतता सहन होत नाही, फोन चालू ठेवून वाजवा.

मल्हार : कुठलं?

उर्जा : तीच धून. आपण वाजवतो तशी.

मल्हार : आणि मध्येच डॉक्टर बाहेर आले तर?

उर्जा : मला नाही माहीत, मल्हार. चल. फोन माझ्या स्टँडवर ठेवते.

(धून वाजवून दोघं स्टेजमागे आले आहेत. टाळ्या अजून चालू आहेत.)

मल्हार : ऐकलं का त्याने? काय म्हणतोय?

उर्जा : रडतोय. नुसते हुंदके ऐकू येतायत.

मल्हार : दे इकडे. कॉनर, मी मल्हार... हो... कधी?... जा, जा, सांगतो तिला.

उर्जा : अरे, बोल ना!

मल्हार : ऑपरेशन नीट झालं. आत्ताच डॉक्टर सांगून गेले.

उर्जा : मग तो रडत होता कशाला?

मल्हार : काय माहीत. तूही रडतेयस.