चराचा उतार

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते. सासऱ्यांच्या खांद्यावर भोकांचा पाइप होता.

"बाबा, भोकं खाली ठेवायची ना?"

"खालीच. भोवती खडी, वरून कापड. अंगणात साचलेलं पाणी चरात झिरपतं आणि पाइपातून बाहेर गटारात जातं."

"आणि उतार?"

"नजरेनं घेतलाय. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी."

"सकाळी मी चरात बादलीभर पाणी ओतून पाहिलं."

"मग?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी आलं."

"सावकाश आलं?"

"छे, धावत आलं."

"म्हणजे उतार चोख आहे. दिशा तेवढी बदलू."

"आईंना सांगू?"

"नको गं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, उलटं खणताय."

"बादली त्यांनीच भरून दिली, बाबा."