पायपुसण्यांचं भांडण आणि तोच माणूस

नाही, मला एक सांगा, ज्याच्यापुढे सकाळी पोटातलं सगळं ओकून टाकलं, तोच माणूस जेवण झाल्यावर निकाल द्यायला समोर येऊन बसला तर तुम्ही काय कराल? तोच माणूस हो! तोच चष्मा, मिशीत तेच बिस्किटाचं चूर!

तुम्हाला सांगते, माझा काथ्याच्या पायपुसण्यांचा कारखाना. कारखाना कसला, पत्र्याची शेड, मी आणि चौदा बायका. माल सगळा परदेशात, एकाच व्यापाऱ्याकडे. त्यानं यंदा कळवलं, दोन हजार पायपुसण्यांना कुबट वास येतो, परत घ्या, पुढची ऑर्डर बंद! बंद? मग चौदा घरच्या चुली कशावर पेटायच्या? मी पदर खोचला, म्हटलं, भांडते! तर माझी भाची, वकील आहे ती, म्हणते, "मावशी, करारात कलम अकरा आहे. आधी मध्यस्थ समेट घडवायला बघेल. नाहीच जमलं, तर तुमची संमती घेऊन तोच लवाद होईल आणि निकाल देईल. तो मग दोघांनी मानायचाच." असेल बाई! सही करताना कोण वाचतं? चौथी शिकलेली मी, सही वळणदार आली यातच खूश!

तर ती खोली... लांबलचक टेबल, माझ्या शेजारी भाची, त्याची भाषा समजावून सांगायला, पाण्याच्या ग्लासांवर कागदी टोप्या, पलीकडे व्यापारी, विमानानं आलेला, ताडमाड. मध्यस्थ एकेकाला शेजारच्या खोलीत नेतो आणि मधाळ आवाजात, "ताई, मोकळेपणानं बोला, इथलं इथंच राहील." सख्ख्या भावानं विचारावं तसं विचारलं मेल्यानं! मी विरघळले. सांगून टाकलं... पुतणीच्या लग्नाची घाई होती, माल वाळायच्या दोरीवरून एक दिवस आधीच काढला, ओलसरच बांधला. नवऱ्याला नाही सांगितलं ते याला सांगितलं!

समेट काही झाला नाही. आणि जेवणानंतर हा कोट चढवून, आवाज जाड करून, "आता मी लवाद म्हणून बसू? दोन्ही पक्षांची लेखी संमती हवी." अहो, तोच माणूस! मी म्हटलं, "भाऊ, आणि सकाळी ऐकलंत ते?" तर म्हणतो, "ते मी विचारात घेणार नाही." घेणार नाही म्हणे! डोक्यात शिरलेलं काय चिखल आहे, माझ्या पायपुसण्यावर पुसून आत यायला?

मी ओरडले, "नाही!" आणि तुम्हाला सांगते, त्याच दमात पलीकडून व्यापारीही ओरडला, त्याच्या भाषेत. भाचीला अर्थ सांगावाच लागला नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे. हा का घाबरला? म्हणजे यानंही...! उठले, त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. "विचार गं याला, आतल्या खोलीत काय सांगून बसलास?"

"मावशी, असं नसतं करायचं..."

"विचार!"

मान खाली घालून पुटपुटला, त्याच्या गोदामाचं छप्पर गळत होतं, माल महिनाभर ओलीत पडला. म्हटलं, "अरे मेल्या!" मग माझ्या दोरीचंही सांगितलं, काय करता? पाऊण तासात मिटलं. निम्मी मी नवी विणून द्यायची, निम्मी त्यानं ठेवायची, ऑर्डर चालू. आणि तो माणूस? बिस्किट खात बघत बसलेला!

परवा नवा करार आला. या वेळी वाचला, बोट ठेवून, अक्षर न् अक्षर. कलम अकरा तस्संच! वर नाव घालून ठेवलेलं, मध्यस्थ कोण, लवाद कोण... तोच माणूस! भाची म्हणाली, "मावशी, खोडायला लावू?"

मी पेन उचललं. म्हटलं, "राहू दे गं. नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"