मंगलीचं गठुडं

माहेर माह्यं बल्लारपूरचं, बाप मिलमंदी कामाले होता, लगन करून इकडं कुरखेड्याच्या बाजूले आली अन् मालक वारल्यावर अंगनवाडीत मदतनीस लागली, खिचडी शिजवनं, झाडनं, लेकराईची नाकं पुसनं, हेच करून राह्यली बापा, दुसरं काय सांगू तुमाले.

तर मागच्या सालची गोठ. आतल्या जंगलात गोळ्या चालल्या, बंदूक इकडचीबी अन् तिकडचीबी, मधात हे गरीब लोक, मंग काई घरं अंगावरच्या कपड्यानं निंघून आली अन् इथी बाजाराच्या शेडमंदी राह्यली. त्याईची लेकरं आमच्याकडं धाडली. त्यातली एक मंगली, पाच-सहा वर्साची, संग निस्ती आजी. मायबापाचं मी कधी इचारलं नाई, आजी लगेच रडाले लागे.

त्या लेकराईसाठी खेळन्याची पेटी आली, ठोकळे, चित्राची पुस्तकं, लाकडाची भांडी, कपड्याची बाहुली. बाकीची लेकरं त्यावर तुटून पडली. मंगलीनं काय केलं, बाहुली अन् भांडी फडक्यात बांधली, गठुडं मांडीवर घेतलं अन् दाराकडं तोंड करून बसली. रोज तेच. बोलनं नाई, हासनं नाई. मी म्हनलं अवं माय, खेळ नं, बांधून काऊन ठेवतं? तर आजी म्हने राहू द्या बाई, पळालो तवा तिचं सारं घरीच राह्यलं. पन मीबी हट्टी, रोज तिच्याजवळ बसून खोटाखोटा भात रांधाले लागली, वाढ वो मंगली, भूक लागली मले. ती पाहे नुसती.

मंग एक दिवशी तिनं आपूनच गाठ सोडली. ठोकळ्याईची चूल मांडली, भांडी मांडली, बाहुलीले निजवलं, माह्यासमोर वाटी ठेवली अन् म्हने, जेव. तिचं पह्यलं बोलनं ते. मी त रडलीच, खोटं कायले सांगू. जाताना पुन्ना बांधाले बसली तर मी म्हनलं राहू दे, उद्या इथीच खेळजो. तसंच टाकून गेली, मांगं वळून वळून पाहत.

दुसऱ्या दिवशी आलीच नाई. सकाळीच गाडी आली होती म्हने, शेडमधल्या लोकाईले दुसरीकडं घेऊन गेले, कुठी ते कोनी धड सांगत नाई. इचारून इचारून थकली मी.

आता झाडते मी, पन तो कोपरा सोडून. अंगनवाडीच्या म्याडम खेकसतात, पसारा उचला म्हनतात. खेकसू द्या. बाहुली निजलीच हाये तिथी, मी नाई उठवली. जिथी असन तिथी त्या पोट्टीच्या पोटाले अन्न भेटो, अन् मांडलेली चूल तिले पुन्ना कोनी सोडाले न लावो.